दावीद राजाच्या हातातले वाद्य हार्प नव्हते

चर्चच्या रंगीत काचांपासून नाताळच्या भेटकार्डांपर्यंत दावीद राजा पुढे जाड खांब असलेला, उंच, त्रिकोणी हार्प छेडताना दिसतो, आणि त्यामुळे बायबलच्या काळात असेच वाद्य होते असा समज पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे. असा खांबाचा हार्प मध्ययुगीन युरोपात घडला, म्हणजे दावीदानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी.

हिब्रू बायबलात दावीदाच्या वाद्याला किन्नोर म्हटले आहे, आणि ते लायर जातीचे वाद्य होते. त्यात ध्वनिपेटीतून दोन बाहू वर निघतात, त्यांना एक आडवी दांडी जोडते आणि तारा त्या दांडीपासून पेटीच्या पृष्ठभागाला समांतर खाली येतात. हार्पमध्ये मात्र त्या थेट पेटीतूनच उभ्या निघतात. किन्नोर काखेत धरून चालता चालता वाजवता येई.

याचा बोलका पुरावा असिरियाची राजधानी निनवे येथील राजवाड्यातून मिळालेल्या, सुमारे इ.स.पू. 700च्या शिल्पपटात आहे. त्यात तीन कैदी लायर वाजवत चालले आहेत आणि त्यांच्या मागे शस्त्रधारी असिरियन सैनिक आहे. ते कैदी दावीदाच्या वंशजांच्या यहूदा राज्यातले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि हे दृश्य पाहताना मन हेलावते. पुढे इ.स. 132 ते 135 या काळात रोमविरुद्ध बंड करणाऱ्या बार कोखबा या ज्यू नेत्याच्या नाण्यांवरही लायरच कोरलेली आहे. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस तर किन्नोरला दहा तारा होत्या व ते नखीने छेडत, असे स्पष्ट लिहितो.