पाळीनं किडनीतलं विष निघून जात नाही

सांगलीकडं, विशेषतः वाळव्याच्या ऊसपट्ट्यात, अजून ऐकू येतं: बाईचं अशुद्ध रक्त महिन्याच्या महिन्याला निघून जातं, त्यामुळं गोळ्या-औषधं तिच्या किडनीला बाधत नाहीत. पण पाळीचं रक्त अशुद्ध नसतंच. गर्भाशयाचं अस्तर आणि साधं रक्त, एवढंच ते. गाळण्याचं काम किडनीचं.

गंमत म्हणजे या खुळ्या समजाशेजारी एक खरी गोष्ट आहे. प्रयोगात किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ तोडला, तर उंदरांच्या माद्यांची किडनी नरांपेक्षा कमी बिघडते. अंडाशय काढले की हा फायदा घटतो. अशा इजेत लोहामुळं किडनीच्या पेशीच्या आवरणातली चरबी खवट होऊन पेशी मरते. इस्ट्रोजेन ते रोखतं, असं दिसतंय. म्हणजे श्रेय हार्मोनचं, रक्तस्रावाचं नव्हे. तेही सरसकट नाही: सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाबाबत प्राण्यांवरचे निष्कर्ष उलटसुलट आहेत.

शिवाय पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं. गर्भाशयासोबत अंडाशयही काढले, तर एकदमच. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये बीड गाजलं. तिथल्या टोळ्या आपल्याच फडांत येतात.

आणि कंबरदुखीवरची डायक्लोफेनॅक? किडनीच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं ती गोळी कमी करते. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या बाईला नेमकी त्यांचीच गरज असते. अशी गोळी रोज लागत असेल, तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळतेय का ते यावरून कळतं) तपासून घ्यावं, पाळी चालू असली तरी.