बाडेन-बाडेनच्या पायवाटा: जंगल, द्राक्षमळे आणि गरम पाणी

बाडेन-बाडेन हे जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातलं, ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलप्रदेशाच्या उत्तर टोकाला ओस नावाच्या छोट्याशा नदीच्या खोऱ्यात वसलेलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं शहर. वस्ती जेमतेम ५५ हजार, पण कॅसिनो आणि स्नानगृहांमुळे नाव जगभर. ही नोंद मात्र त्या दोन्हींपेक्षा शहराच्या डोक्यावरून गोल फिरणाऱ्या पायवाटांबद्दल आहे. या वाटा एका अंगाला दाट जंगलातून जातात आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षमळ्यांतून, आणि हे सगळं शहराच्याच हद्दीत, कारण ती हद्द राइन नदीच्या सपाटीपासून निघून थेट १००० मीटरच्या जरा वर असलेल्या बाडेनर ह्योए या माथ्यापर्यंत पोचते. हद्दीतला अर्ध्याहून जास्त भाग जंगलच आहे, त्यामुळे शहरात जंगल की जंगलात शहर हा प्रश्न इथे गमतीचा राहत नाही.

बाडेन म्हणजे न्हाणं. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी इथे आले ते या पाण्यासाठीच, झऱ्यांचं तापमान ६८ अंशांपर्यंत जातं, आणि गावाचं त्यांनी ठेवलेलं नावही 'आक्वे' म्हणजे पाणीच होतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातले राजेरजवाडे, लेखक, संगीतकार सगळे उन्हाळ्यात इथे येऊन पडायला लागले. आता या वाटा समजून घ्यायच्या तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते: त्या काळच्या 'कूर' म्हणजे पाणी-उपचारात नुसतं पाण्यात डुंबणं नव्हतं, सकाळी झऱ्याचं पाणी प्यायचं आणि मग चालायचं, हे चालणं औषधासारखंच ठरवून दिलेलं असायचं. १८८० च्या दशकात म्युनिकच्या माक्स योसेफ ओर्टेल नावाच्या डॉक्टरने तर हृदयाच्या पेशंटना मोजूनमापून चढाच्या वाटांवर चालवायची पद्धतच काढली, तिला 'टेरेनकूर' म्हणतात, आणि जर्मन भाषेतल्या देशांमधल्या झऱ्यांच्या गावांत ती भराभर पसरली. म्हणून अशा गावांच्या वाटा गिर्यारोहकांनी शोधलेल्या वाटत नाहीत, दम लागणाऱ्या माणसासाठी कोणीतरी बसून आखलेल्या वाटतात. चढ हळूहळू, थोड्या थोड्या अंतरावर बाकडं, पाऊस आला तर लाकडी शेड, आणि वाट फिरून परत गावातच. २०२१ मध्ये युनेस्कोने सात देशांतली अकरा झऱ्यांची शहरं मिळून एक जागतिक वारसा जाहीर केला, त्यात बाडेन-बाडेन आहे, आणि त्या वारशात इमारतींबरोबर भोवतालचा हा उपचाराचा परिसरही धरलेला आहे. हे मला फार योग्य वाटतं, कारण इथली टेकडी हा स्नानगृहाचाच बाहेरचा भाग आहे.

सगळ्यात प्रसिद्ध वाट म्हणजे पॅनोरामावेग. शहराभोवतीची मोठी गोल वाट, साधारण ४० ते ४५ किमी, एका दमात करणारे वेडे असतातच पण बहुतेक लोक चार-पाच तुकडे करून वेगवेगळ्या दिवशी करतात. कुठूनही सुरू करा, कुठेही सोडून खाली गावात उतरा. उत्तरेकडे होहेनबाडेनचा जुना किल्ला लागतो, साधारण ११०० च्या सुमाराचा, इथल्या मार्कग्राफांचं म्हणजे सरहद्दीच्या सरदार घराण्याचं हे मूळ ठिकाण. १४७९ मध्ये ते खाली गावाजवळच्या नव्या वाड्यात राहायला गेले आणि वरचा किल्ला हळूहळू पडीक झाला. आता भग्न भिंतींमध्ये एका दालनाच्या खिडकीत मोठी वायुवीणा बसवली आहे, चार मीटरच्या आसपास उंच, १२० तारांची, १९९९ पासून. वारा आला की ती आपोआप वाजते, वारा नसला तर आपण तिच्याकडे बघत उभे राहतो आणि ती आपल्याकडे.

किल्ल्याच्या मागे बाटर्टचे कडे आहेत. लाव्हाच्या जुन्या दगडांचे तुकडे एकत्र चिकटून, सिलिकाने घट्ट होऊन बनलेला हा खडक, आजूबाजूची माती-दगड झिजून गेले आणि हा तेवढा उभा राहिला. क्लाइंबिंग करणाऱ्यांची ही जुनी जागा आहे. पण इथे बहिरी ससाणे घरटी करतात म्हणून विणीच्या काळात काही कडे बंद ठेवतात आणि त्यावरून क्लाइंबर विरुद्ध पक्षीप्रेमी अशी वादावादी होते, चालणाऱ्याला त्याचं काही नाही, त्याची वाट खालून आणि वरून दोन्हीकडून जाते. पुढे एबरश्टाइनबुर्ग गावाच्या बाजूला समोरासमोर दोन सुळके आहेत, एक सैतानाचा आणि एक देवदूताचा. गोष्ट अशी की सैतान आपल्या सुळक्यावरून लोकांना प्रवचन देऊन नादी लावत होता, तेव्हा समोरच्या सुळक्यावर देवदूत येऊन उभा राहिला आणि त्याने आपलं प्रवचन सुरू केलं. जमिनीतून वाफाळतं पाणी येणाऱ्या गावात सैतानाची गोष्ट नसती तरच नवल.

मेर्कुर हा शहराचा घरचा डोंगर, ६६८ मीटर. माथ्यावर रोमनांनी मर्क्युरी देवाला वाहिलेला दगड सापडला म्हणून हे नाव. १९१३ पासून वर जायला फ्युनिक्युलर म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे आहे, १.२ किमीच्या जरा आत लांबी आणि चढ काही ठिकाणी ५४ टक्के, म्हणजे डब्यात बसल्यावर पोटात गोळा येतो. १९६७ ला ती बंद पडली होती, १९७९ ला परत सुरू झाली. लोक काय करतात, वर डब्याने जातात आणि जंगलातून चालत खाली येतात. पट्टीचे ट्रेकर याला नाक मुरडतील, पण ज्या गावात चालणं हेच औषध होतं तिथे डोसही ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांप्रमाणे घ्यावा.

दक्षिणेकडे जायचं तर लिख्टेनटालर आले ही नदीकाठची झाडांची सावलीदार वाट पकडायची, दोन किमीच्या वर, पूर्ण सपाट, आणि शेवटी १२४५ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या नन्सचा मठ, जिथे अजूनही नन्स राहतात. याच लिख्टेनटालमध्ये संगीतकार ब्राम्स १८६५ ते १८७४ उन्हाळ्यात येऊन राहायचा, तो पक्का चालणारा होता, घर आता म्युझियम आहे. तिथून वर गेलं की गेरोल्ड्साउचा धबधबा. सह्याद्रीतला पावसाळा बघितलेल्या माणसाने धबधबा या शब्दावर जाऊ नये, छोटासाच आहे, पण मे-जूनमध्ये ओढ्याच्या दोन्ही काठांना ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात तेव्हा त्या वाटेवर गर्दी होते आणि ती गर्दी बरोबरच आहे.

आता द्राक्षमळे, आणि इथे जरा रेंगाळायला हवं. शहराच्या नैऋत्येला फ्रेमर्सबेर्ग ओलांडला की रेबलांड लागतं, शब्दशः वेलींचा प्रदेश. श्टाइनबाख, फार्नहाल्ट आणि नॉयवायर ही तीन गावं, १९७० च्या दशकात बाडेन-बाडेनमध्ये सामील झाली पण स्वभावाने अजून गावंच. ब्लॅक फॉरेस्टचा उतार इथे पश्चिमेला राइनच्या सपाटीकडे तोंड करून बसलेला, पाठीमागे डोंगराची भिंत आणि समोरून राइन खोऱ्याची ऊब, त्यामुळे बाडेन हा द्राक्षपट्टा जर्मनीतला सगळ्यात उबदार, इतका की युरोपियन युनियनच्या वाइन-हवामानाच्या वर्गवारीत बाकीची जर्मनी एका झोनमध्ये आणि बाडेन एकटं त्याच्यापेक्षा गरम झोनमध्ये. पांढऱ्या वाइनचं रीसलिंग द्राक्ष मुख्य, लाल वाइनसाठी श्पेटबुर्गुंडर म्हणजे पिनो न्वार. नॉयवायरच्या वर माउअरबेर्ग नावाचा उतार आहे, माउअर म्हणजे भिंत, आणि खरंच दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांवर वेली लावल्यात, दिवसभर तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देत राहतो. अशा जागी मशीन चालत नाही, काम हातानेच.

बाटलीचीही गंमत आहे. चपटी, पोट सुटलेली बॉक्सबॉयटल नावाची बाटली जर्मनीत फ्रांकोनिया या भागाचीच मक्तेदारी, पण रेबलांडच्या या गावांना जुन्या वहिवाटीमुळे ती वापरायची परवानगी आहे. नॉयवायरचा वाडा ज्यांच्याकडे आला त्या सरदार घराण्याने ती तिकडून आणली असं सांगतात. शेजारच्या ब्यूलजवळ आफेनटाल आहे, तिथल्या वाइनच्या बाटलीवर माकड असतं, कारण आफे म्हणजे माकड. नाव मुळात 'आवे', म्हणजे 'आवे मारिया' या ख्रिस्ती प्रार्थनेतल्या आवे वरून आलं असं म्हणतात, पण प्रार्थनेपेक्षा माकड जास्त खपतं हे तिथल्या लोकांनी ओळखलं.

मळ्यांतली लांब वाट म्हणजे ओर्टेनाउअर वाइनफाड, गेर्न्सबाखहून ऑफेनबुर्गकडे जाणारी साधारण १०० किमीची, तिच्या खुणेवर द्राक्षाचा घड असतो. ही वाट सतत वेली आणि झाडी यांच्या शिवेवरून जाते, आणि त्या शिवेवर गोड चेस्टनटची झाडं असतात. ती काही शोभेला नाहीत, त्यांचं लाकूड लवकर कुजत नाही म्हणून वेलींना आधाराच्या खुंट्या त्याच्या करायचे. आता खुंट्या लोखंडाच्या झाल्या तरी झाडं उरली आणि ऑक्टोबरमध्ये लोक पिशव्या घेऊन काटेरी फळं वेचत बसलेले दिसतात. वर इबुर्गचा पडका किल्ला, तिथून खाली हिरव्या-पिवळ्या रांगा, पलीकडे राइन, त्यापलीकडे फ्रान्समधले व्होझ डोंगर, आणि हवा स्वच्छ असली तर स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलचा सुळका. त्या कॅथेड्रलचा १३१८ मध्ये वारलेला मुख्य स्थपती एरविन फॉन श्टाइनबाख हा इथल्याच श्टाइनबाखचा असं परंपरेने मानतात, गावात त्याचा पुतळाही आहे.

उंचावरचं जंगल वेगळ्याच जातीचं. खाली बीच आणि ओक ही झाडं, वर सिल्व्हर फर आणि स्प्रूस ही सूचिपर्णी. २६ डिसेंबर १९९९ ला लोथार नावाचं वादळ आलं आणि या भागात डोंगरच्या डोंगर आडवे केले, प्लेटिगजवळ एका तुकड्यात पडलेली झाडं मुद्दाम न उचलता त्यांच्यावरून-खालून जाणारी वाट केली आहे, तिथे चालणं कमी आणि लहान मुलांसारखं चढणं-सरपटणं जास्त. २०१४ मध्ये ब्लॅक फॉरेस्ट नॅशनल पार्क झालं त्यात हा भाग आला. लाकडावर जगणाऱ्या गावांचा त्याला बराच विरोध होता, जंगल वाऱ्यावर सोडायचं म्हणजे कीड पसरणार ही त्यांची भीती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

वाट चुकायची भीती मात्र जवळजवळ नाही. १८६४ मध्ये सुरू झालेला श्वार्त्सवाल्डफेराइन हा जर्मनीतला सगळ्यात जुना हायकिंग क्लब, त्याचे स्वयंसेवक खुणा लावतात आणि दुरुस्त करतात. खूण म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा छोटा चौकोन: पिवळा म्हणजे गावाजवळची वाट, निळा म्हणजे भागातली मोठी वाट, लाल म्हणजे लांब पल्ल्याची. चौकात पाटीवर जागेचं नाव, उंची आणि पुढचं अंतर. बाडेन-वुर्टेमबर्ग या इथल्या राज्यात जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला मनाई आहे, पाळतात किती हा वेगळा विषय. उन्हाळ्यात गोचिडांपासून सांभाळावं, त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार आणि मेंदूज्वराचा एक प्रकार होतो, लांब पँट घालावी आणि घरी आल्यावर अंग तपासावं, पण मेंदूज्वरासाठी एवढं पुरत नाही, त्यावर लस असते.

स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर, तिथून किंवा कार्ल्सरूहहून शनिवार-रविवारी सहज येता येतं, फक्त रेल्वे स्टेशन ओस भागात आहे, गावापासून चार-पाच किमी लांब, तिथून बस. गावातलं जुनं स्टेशन आता फेस्टश्पीलहाउस या ऑपेरा-कॉन्सर्ट हॉलचा दर्शनी भाग झालंय. चालून आल्यावर पाय गरम पाण्यात सोडायचे असतील तर १८७७ चं फ्रीड्रिशबाड आहे, पण तिथे अंगावर काही न घालता सतरा टप्प्यांतून जायचं असतं, त्यामुळे आपली बरीच मंडळी शेजारच्या काराकाल्ला थर्मेत स्विमिंग सूट घालून जातात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर गावात परत यायची घाई करू नये, रेबलांडच्या एखाद्या घरावर डहाळी किंवा झाडू टांगलेला दिसला की आत शिरावं. ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे शेतकऱ्याने वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस खुर्च्यांच्या आत चालवायची खानावळ. तिथे कांद्याच्या केकबरोबर अर्धवट आंबलेला नवा द्राक्षरस मिळतो, गढूळ, गोड, जिभेवर चुरचुरणारा. तो बाटलीतून घरी न्यायचा असेल तर झाकण घट्ट लावू नका, रस अजून आंबतच असतो, बॅगेत फुटतो.