किलो कुठला काढलास?

भंगाराचे ट्रक ज्या वजनकाट्यावर चढतात, त्याच काट्यावर भाच्याने आपली दोन सीटांची जुनी जपानी गाडी उभी केली. काटेवाल्याने गाडीकडे बघितलंही नाही, नुसता आकडा वाचून दाखवला : १२४०. महिन्याभराने आम्ही परत तिथेच, कुर्ल्यात. मधल्या काळात गाडीला आरशांवर कार्बनची टोपणं, चाकांना नवे हलके नट आणि मागे एक स्पॉयलर, म्हणजे डिकीवरची पंखासारखी पट्टी, लागला होता. आकडा : १२४०. भाच्याचं तोंड उतरलं.

“अरे, हा काटा दहा-दहा किलोंच्या पायरीने मोजतो, त्याला तुझे शे-दोनशे ग्रॅम दिसणार कसे?” असं म्हणून मी त्याची समजूत काढली. खरं म्हणजे स्पॉयलर मूळ गाडीला नव्हताच. तो कितीही हलका असला, तरी वजन वाढलंच होतं. हे मात्र मी बोललो नाही.

मी पॉलिटेक्निकात मेकॅनिकल शिकवायचो. त्यामुळे पुढचे तीन महिने गॅरेजमध्ये माझी फुकटची हजेरी लागली. तिसऱ्या खेपेला काट्यावर ११५० आले.

नव्वद किलो गेले म्हणजे काय झालं? बळ तेवढंच आणि वस्तुमान कमी, म्हणजे त्वरण जास्त, हे न्यूटनचं गणित सगळ्यांना पाठ असतं. दीडशे हॉर्सपॉवरच्या या गाडीला जी चपळाई मिळाली, ती वजन न घटवता मिळवायची तर इंजिनातून आणखी बारा हॉर्सपॉवर काढावी लागली असती. पण इंजिनाची ताकद फक्त पळताना कामाला येते. घटलेलं वजन थांबताना आणि वळतानाही उपयोगी पडतं. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या १२४० किलोंच्या गाडीत साधारण ४७८ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती जवळजवळ सगळी डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाण्याला उकळी येईल. नव्वद किलो कमी केले की अशा दर ब्रेकमागे एका कटिंग चहाच्या पाण्याला पुरेल एवढी उष्णता वाचते. एकदा थांबायचं असेल तर तिचं काही कौतुक नाही. घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो, तेव्हा ही बचत साठत जाते.

इथे वर्गातला एखादा हुशार मुलगा हटकून हात वर करायचा. सर, घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं, मग जड गाडीची पकडही जास्त असणार. वस्तुमान दोन्हीकडून छाटलं जातं, फरक कसला? प्रश्न एकदम रास्त आहे, आणि लाकडी ठोकळ्याबाबत तो बरोबरही आहे. रबर मात्र ठोकळ्यासारखं वागत नाही. ते रस्त्याच्या खडबडीत कणांत दाबलं जाऊन त्यांना धरतं. भार दुप्पट केला तरी रबर आणि रस्ता खरोखर जिथे एकमेकांना भिडतात ती जागा दुप्पट होत नाही. म्हणून भार वाढतो तसा टायरचा घर्षणगुणांक, म्हणजे भाराच्या मानाने मिळणारी पकड, घसरत जातो. हलक्या गाडीचं टायर प्रत्येक किलोमागे जास्त पकड देतं. वळणावर तर हे आणखी जाणवतं, कारण भार बाहेरच्या टायरांवर सरकतो, आणि बाहेरचं टायर जेवढं कमावतं त्यापेक्षा आतलं जास्त गमावतं.

मग किलो कुठून काढायचा? हा प्रश्न किती किलो काढायचे यापेक्षा मोठा आहे, आणि हौशी मंडळी नेमका तोच विचारत नाहीत. छतावरचा किलो गेला तर गुरुत्वमध्य खाली येतो. बंपरजवळचा गेला तर गाडी चटकन वळते. पाण्याची बादली अंगाशी धरून गिरकी घेणं आणि हात लांब करून घेणं, यात जो फरक तोच इथे. सीटखालचा किलो मात्र फक्त किलोच असतो.

चाकातला किलो वेगळा. चाक गाडीबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवतीही फिरतं. टायर रस्त्याला टेकतं तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगाने धावत असतो. हिशेब केला तर कडेवरच्या एक किलोला वेगात आणायला दोन किलोंइतकी ऊर्जा लागते. आसाजवळचा किलो जवळजवळ एकच राहतो. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असं गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगतात. वेग घेण्यापुरतं बोलायचं तर ते खोटं आहे. दोनाच्या वर आकडा जात नाही. शिवाय चाक शॉकअपच्या खालच्या बाजूला असतं. ते हलकं असेल तर खड्ड्यात उतरून लगेच रस्त्याला चिकटतं, जड असेल तर उसळून हवेत राहतं, आणि हवेतल्या टायरला पकड नसते. आम्ही ठोकून घडवलेली, म्हणजे फोर्ज्ड अलॉय घेतली. चाकामागे तीन किलो वाचले. मिस्त्री त्यांना अजून ‘मॅगव्हील’च म्हणतो. ते नाव मॅग्नेशियमवरून आलं, पण त्याच्या दुकानात मॅग्नेशियमचं चाक एकदाही आलेलं नाही.

दहाचा आकडा खरोखर कुठे लागू पडत असेल, तर तो फ्लायव्हीलला. इंजिनाच्या टोकाला बसलेली ही तबकडी पहिल्या गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे तेराएक फेरे घेते, आणि तिचा जडपणा त्या तेराच्या वर्गाने वाढतो. आठ किलोंची, १३ सेंटिमीटर त्रिज्येची तबकडी आणि ३० सेंटिमीटर त्रिज्येचं चाक धरून मी कागदावर गणित मांडलं. पहिल्या गियरमध्ये ती तबकडी सव्वाशे किलोंसारखी वागते! पाचव्या गियरमध्ये तीच नऊ-दहा किलोंवर येते. भाच्याचे डोळे चमकले. मग मी त्याला सायन सर्कलची संध्याकाळ आठवून दिली. फ्लायव्हील जड असतं ते इंजिनाचे धक्के सांभाळायला. हलकं केलं की आयडलला, म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना, ती थरथरते, आणि क्लच जरासा लवकर सुटला की बंद. दर पाच फुटांवर थांबणाऱ्या गाडीत हे सुख नको, असं शेवटी तोच म्हणाला.

आता धातूंबद्दल. पोलादाची घनता ७.८५, टायटॅनियमची ४.५, अ‍ॅल्युमिनियमची २.७, मॅग्नेशियमची १.७४. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच जड, म्हणजे गाडीही तेवढी हलकी, असं वाटतं. पण अ‍ॅल्युमिनियमचा ताठरपणाही साधारण तिसरा हिस्साच असतो. गंमत अशी की ताठरपणा भागिले घनता हे गुणोत्तर या चारही धातूंत जवळजवळ सारखंच येतं. मग अ‍ॅल्युमिनियमला पैसे का मोजायचे?

उत्तर जाडीत आहे. प्लास्टिकची फूटपट्टी आडवी धरून वाकवा, सहज वाकते. उभी धरून वाकवायला जा, हलत नाही. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो : जाडी दुप्पट, विरोध आठपट. म्हणून ०.७ मिलिमीटरच्या पोलादी बोनेटऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं करायचं तर पत्रा तिप्पट जाड नको, एक मिलिमीटर पुरतो. चौरस मीटरमागे साडेपाच किलोंचे दोन किलो सातशे ग्रॅम होतात. नवं बोनेट आलं तेव्हा भाच्याने घरच्या फ्रिजवरचा लोहचुंबक आणून त्यावर ठेवला. तो सरकन घसरून खाली पडला, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. १९९६च्या लोटस एलिस या ब्रिटिश स्पोर्ट्सकारची अ‍ॅल्युमिनियमची चौकट अवघी ६८ किलोंची होती. तिच्यात पोकळ, चौकोनी नळ्या वेल्डिंग न करता इपॉक्सीच्या डिंकाने चिकटवलेल्या होत्या. वेल्डिंगच्या आचेने अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं; डिंकाने जोडलं की भिंती पातळ ठेवता येतात. अख्खी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास.

कार्बन फायबर या सगळ्यांच्या पुढचं, पण त्याची ताकद बांबूसारखी धाग्याच्या दिशेने असते, आडवी नाही. म्हणून थर वेगवेगळ्या कोनांत रचावे लागतात, आणि बरीचशी किंमत त्या रचण्याची असते. भाच्याची आरशांवरची टोपणं घासली तेव्हा वरच्या एका काळ्या थराखाली साधं काचतंतूचं फायबर निघालं. दुकानदाराने ‘कार्बन’ म्हटलं होतं. एक थर तरी होता, एवढं कबूल करायला हवं.

खऱ्या कार्बनचं मुंबईत वेगळंच दुखणं आहे. कार्बन वीज वाहून नेतो आणि विद्युतरसायनाच्या रांगेत, म्हणजे कोण किती सहज गंजतं त्या क्रमात, न गंजणाऱ्या प्लॅटिनमजवळ बसतो. अ‍ॅल्युमिनियम दुसऱ्या टोकाला. दोघांना बोल्टने जोडा, वर माहीमच्या खाडीवरून येणारा खारा ओलावा बसू द्या, की छोटी बॅटरी तयार. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम खर्ची पडतं. एका पावसाळ्यानंतर बोल्टभोवती पांढरी, मिठासारखी भुकटी दिसायला लागते, नखाने खरवडली तर खाली खळगा. मध्ये काचतंतूचा थर किंवा नायलॉनचा वॉशर घातला की बॅटरी तुटते. मिस्त्रीला हे विज्ञान ठाऊक नाही, पण नायलॉनचे वॉशर त्याच्या खिशात कायम असतात.

आणि सगळ्यात स्वस्त हलकेपणा विकत मिळतच नाही. तो काढावा लागतो. मूळच्या सीटांत मोटरी आणि लोखंडी सांगाडा होता. त्यांच्या जागी बकेट सीट, म्हणजे रेसच्या गाड्यांतल्या एकसंध कवचाच्या सीट, आल्या आणि तीस किलो गेले. शिशाची बॅटरी जाऊन लिथियमची आली, दहा किलो. आवाज दाबायला फरशीवर चिकटवलेले डांबराचे मॅट मुंबईच्या उकाड्यात खरवडायला गेलं तर पाघळतात. म्हणून मिस्त्रीने शटर पूर्ण वर करून त्यांवर ड्राय आइसचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, तुकडे पसरले. उणे ७८ अंशांना डांबर तडतडत ठिसूळ झालं आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने काचेसारखं उडालं. नऊ किलोंचं पोतं भरलं. पहिल्या पावसात गाडीत बसलो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली बसल्यासारखं वाटलं, बोलणं ऐकू येईना.

पुढच्या बंपरचं प्लास्टिक उतरलं, तेव्हा मागे एक आडवी पोलादी तुळई दिसली. “मामा, ही पाच किलो तरी असेल, आणि करते तर काहीच नाही.” ती रोज काहीच करत नाही हे खरं. धडकेच्या क्षणी मात्र तीच धक्का दोन्ही बाजूंच्या चेसिसवर वाटून देते. दारातल्या आडव्या नळ्यांचंही तेच. यावर मी वाद घातला नाही, सरळ नाही म्हटलं. कायद्याचंही ऐकवलं : मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. या यादीतल्या बऱ्याच गोष्टींवर आरटीओवाला बोट ठेवू शकतो, हे भाच्यालाही माहीत आहे.

स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून अठरा किलो. माझी गॅरेजमधली हजेरी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी ते माझ्या गॅलरीत आले, आणि पायपुसणं अंथरून मी त्यांची सोयही केली. जुलैत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पाण्याखालच्या खड्ड्यात उजवं चाक गेलं. फोर्ज्ड रिम फुटली नाही, नुसती वाकली, पण टायरच्या कुशीवर फोड आला. रात्री अकरा वाजता फोन : “मामा, स्टेपनी घेऊन येतोस का?”

दुसऱ्या दिवशीपासून ती डिकीत आहे.