पिस्तुलातली फट: हाताचं फिटिंग आणि कारखान्याचं माप

आमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना एक जॉब करावा लागतो. लोखंडाच्या एका तुकड्यात चौकोनी खाच पाडायची आणि दुसरा चौकोनी तुकडा त्यात बसवायचा. सगळं कानशीने. तुकड्याला निळा रंग पुसायचा, खाचेत दाबायचा, बाहेर काढायचा. रंग जिथे लागला तिथे उंचवटा आहे, तेवढाच घासायचा. असं पन्नास-साठ वेळा. शेवटी जोड उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की मार्क कटले.

मागच्या वर्षी दोन पोरांचे जॉब अगदी झकास जमले होते. त्यांनी आपापसात तुकडे बदलून पाहिले आणि एक जण माझ्याकडे आला. "सर, माह्या जॉबातून उजेड दिसत नाही, अन् त्याच्याही जॉबातून दिसत नाही. मंग माहा तुकडा त्याच्या खाचीत काहून बसत नाही?"

जुन्या कारागिराने हाताने बसवलेलं पिस्तूल चांगलं की कारखान्यातून आलेलं नवं, या वादाचं उत्तर त्या पोराच्या प्रश्नात आहे.

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेलं .४५ कॅलिबरचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलं आणि ते १९८५ पर्यंत त्यांचं मुख्य पिस्तूल राहिलं. गोळी सुटली की त्याची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे जाते, नळीचं मागचं टोक खाली झुकून स्लाइडपासून सुटतं, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि मग नळी पुन्हा वर येऊन स्लाइडमध्ये अडकते. दर गोळीला हे घडतं. नेम धरायची माशी स्लाइडवर असते, गोळी मात्र नळीतून जाते. म्हणून नळी दर वेळी स्लाइडमध्ये त्याच जागी येऊन बसली पाहिजे. माशी आणि मागची खाच यांत साधारण १६५ मिलिमीटर अंतर असतं. तेवढ्या लांबीत नळी ०.१ मिलिमीटर तिरकी बसली, तर २५ मीटरवर गोळी दीड सेंटिमीटर सरकते. ०.१ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एका जाड केसाएवढी फट.

मग कारखान्याने फट ठेवलीच कशाला? दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल अनेक कंपन्यांनी बनवलं. त्यांत टाइपरायटर बनवणारी रेमिंग्टन रँड होती. आपल्याकडे गावोगावच्या शिंप्यांना ठाऊक असलेल्या सिंगरनेही ५०० पिस्तुलं बनवून दिली. एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या स्लाइडमध्ये रणांगणावर बसायला हवी होती, आणि तीही चिखल-वाळू शिरलेली असताना. मापात कमी-जास्त होणारच हे धरून फट मुद्दाम मोकळी ठेवली होती. तो ढिलेपणा विचार करून ठेवलेला होता, त्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्याय आहे.

युद्धानंतर नेमबाजीच्या स्पर्धांसाठी कारागिरांनी हीच पिस्तुलं घेऊन फटी बुजवल्या. फ्रेमच्या, म्हणजे स्लाइड जिच्यावर सरकते त्या सांगाड्याच्या, कडा ठोकून जराशा रुंद केल्या, नळीच्या तोंडाशी तिला धरणारं नवं कडं म्हणजे बुश बसवलं, आणि मग कानस, निळा रंग, पुन्हा कानस. आमच्या पोरांचंच काम, फक्त वीस-तीस वर्षांच्या हाताने केलेलं. अशी पिस्तुलं विलक्षण अचूक निघाली. पण त्यातला प्रत्येक भाग शेजारच्या भागाचं माप घेऊन घडलेला. नळी बदलायची तर पुन्हा कारागिराकडेच जावं लागे.

"जुनं पोलादच वेगळं होतं हो," असं गावात नेहमी ऐकू येतं. वखराच्या पासेबद्दल म्हणतात, बंदुकीबद्दलही म्हणतात. या पिस्तुलाच्या बाबतीत तरी ते खरं नाही. महायुद्धाच्या काळातल्या स्लाइडला पूर्ण उष्णता-प्रक्रिया नव्हती, फक्त काही भाग कडक केलेला असे. आजचं पोलाद त्याहून सरस आहे. जुन्या पिस्तुलाची खरी कमाई कारागिराच्या हातात होती.

तो हात यंत्रात कसा उतरला, ही मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. स्वीडनच्या एस्किलस्टुना गावातल्या रायफल कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचे तपासनीस होते. दर मापासाठी वेगळं गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, ठेवायचं तर कपाटंच्या कपाटं भरत. १८९६ साली त्यांना सुचलं की पोलादाच्या ठरावीक जाडीच्या, आरशासारख्या घासलेल्या वड्या बनवाव्यात. त्या एकमेकींना जोडून हवं ते माप मिळेल. या वड्या इतक्या सपाट असतात की एकीवर दुसरी सरकवली की चिकटून बसते. आमच्या वर्कशॉपच्या कपाटात लाकडी पेटीत ठेवलेले स्लिप गेज ते हेच. आपल्या चार भिंतींतलं हे साधन बंदुकीच्या कारखान्यातून आलं, हे पोरांना सांगितलं की ती पेटी जपून हाताळतात.

माप २० अंश सेल्सियसला खरं धरतात. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४४ अंश असतं. १०० मिलिमीटरची पोलादी वडी तेव्हा जवळपास ०.०३ मिलिमीटर वाढलेली असते. जॉबही पोलादाचा आणि तितकाच तापलेला असेल तर दोघं सारखेच वाढतात, फरक पडत नाही. पण नुकताच घासलेला गरम जॉब लगेच मापला की फसगत ठरलेली.

आज संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं दर भाग नकाशाच्या मापाला शे-दोनशे वेळा जवळजवळ तसाच काढतात. कारागिराला जी फट कानशीने गाठावी लागे, तिच्या अगदी जवळ कारखाना जातो आणि नळीही अदलाबदल होते. काही छोटे भाग धातूची भुकटी मेण-प्लास्टिकमध्ये कालवून साच्यात दाबून, मग भट्टीत भाजून करतात. भाजताना ते १५ ते २० टक्के आक्रसतात, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवतात. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये घेतलेल्या ग्लॉक पिस्तुलाची फ्रेम तर प्लास्टिकची आहे.

पोलिसाच्या कमरेला मी कारखान्याचं पिस्तूलच पसंत करीन. भाग मोडला तर दुसरा त्याच दिवशी बसतो, धुळीत अडकत नाही. स्पर्धेतल्या शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी मात्र आजही माणसाचा हात लागतो.

त्या दोन पोरांना मी स्लिप गेज काढून दिले. सांगितलं, आता एकमेकांकडे पाहू नका. दोघांनीही ड्रॉइंगमधल्या मापावर जा. चार दिवस लागले. मग तुकडे बदलले आणि ते बसले. उजेडासमोर धरलं तेव्हा एका कडेला केसासारखी पांढरी रेघ दिसत होती.