चपलेवर उमटलेली शाई

गेल्या पावसाळ्यात भिजून आलेली कोल्हापुरी मी गॅलरीतल्या लोखंडी जाळीवर तशीच ठेवली. सकाळी पाहतो तर तळव्यावर काळ्या रेघांची चौकट. बुरशी नव्हे, मळही नव्हे. ती चक्क शाई होती. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की काळाशार रंग तयार होतो. माझ्या चपलेत हिरडा आधीच होता. लोह जाळीनं पुरवलं, पाणी पावसानं.

चपलेत हिरडा आला तो कातडं कमावताना. कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू. ओलं राहिलं तर कुजणार, वाळलं तर पापडासारखं कडक होणार. म्हणून ते चुन्याच्या पाण्यात भिजवून त्यावरचे केस काढतात आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरवतात. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची आणि त्यात हे पाणी भरायचं. ते आतून बाहेर पाझरत राहतं. हिरडा चघळला की तोंड आक्रसतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. कातड्यातही तेच होतं: टॅनिन तंतूंना घट्ट धरतं आणि जिवाणूंना ते खाणं अवघड जातं. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं, इथं आठवडे जातात. महाराष्ट्रात ते पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजानं केलं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कौतुक चपलेचं झालं, कातडं कमावणाऱ्यांचं फारसं नाही.

अशा चामड्याला पाणी सोसत नाही. तंतूंना न चिकटलेलं टॅनिन पाण्याबरोबर सुटतं. नव्या चपलेनं पाय तपकिरी होतात ते त्यामुळेच. वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडं कडक होतं. उष्णता तर त्याहून वाईट. ओलं असताना साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला ते आक्रसतं आणि पुन्हा पसरत नाही. तेव्हा हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको, कडक ऊनही नको. फडक्यानं टिपून सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावी.

पूर्ण वाळली की तेल पाजायचं. तेलामुळे तंतू एकमेकांवरून सरकतात, वाकताना तडकत नाहीत. एरंडेल चांगलं, कारण ते सुकून घट्ट होत नाही. जवसाचं तेल मात्र हवेत सुकून कडक होतं. चित्रकार ते रंगात घालतात ते याच गुणासाठी, चपलेला तो उपयोगाचा नाही. हात मात्र आखडता ठेवावा. जास्तीचं तेल बुरशीला आयतं खाद्य. जून ते सप्टेंबर चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवल्या तर हिरवट लव आलीच समजा. आली तर घराबाहेर कोरड्या फडक्यानं पुसावी.

माझ्या चपलेवरच्या रेघा लिंबाच्या रसानं फिकट झाल्या, गेल्या नाहीत. आता ओली चप्पल मी लाकडी पाटावर ठेवतो.