लोकर घेण्याआधी: विणणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘एका स्वेटरला किती लोकर लागेल?’ हा काउंटरवर रोज येणारा प्रश्न. त्याचं उत्तर ‘अर्धा किलो’ असं ग्रॅममध्ये मिळतं आणि गडबड तिथेच सुरू होते. लोकर विकली जाते वजनावर, पण सुईवर चढते ती लांबी. म्हणून गोळा हातात घेतलात की आधी लेबल उलटून मीटरचा आकडा पाहा.

डबल निट, म्हणजे डीके या मध्यम जाडीचा १०० ग्रॅमचा गोळा घेऊ. अ‍ॅक्रिलिक असेल तर त्यात साधारण २८० ते ३०० मीटर धागा असतो. मेरिनो लोकर २२५ मीटरच्या आसपास भरते आणि सुती धागा २०० ते २१०. तीनही धागे डोळ्यांना सारखेच जाड दिसतात, पण सूत जड आणि अ‍ॅक्रिलिक हलकं. छाती १०० सें.मी. असलेल्या, लांब बाह्यांच्या साध्या विणीच्या स्वेटरला डीके धागा सुमारे १,२०० मीटर लागतो. तेवढ्यासाठी अ‍ॅक्रिलिक सव्वाचारशे ग्रॅम, मेरिनो साडेपाचशे आणि सूत सहाशेच्या जवळपास. मैत्रिणीने अ‍ॅक्रिलिकचं सांगितलेलं वजन धरून सुती धागा घेतला, तर बाह्यांना धागा पुरत नाही. वेण्यांची वीण असेल तर आणखी २० ते २५ टक्के धागा धरा, कारण वेणी कापड आडवं ओढून घेते आणि तीच रुंदी गाठायला जास्त टाके लागतात.

‘लोकर’ म्हणजे नक्की काय

आपल्याकडे विणायच्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतात. आई-आजीच्या तोंडी असलेलं ‘कॅशमिलॉन’ हेही अ‍ॅक्रिलिकच. त्यात कमी-जास्त काही नाही, पण आपण काय घेतोय ते माहीत हवं.

अ‍ॅक्रिलिक स्वस्त, हलकं, धुवायला सोपं आणि त्याला कसर (लोकर खाणारी कीड) लागत नाही. मात्र ते घाम शोषत नाही, त्यावर गोळे लवकर येतात आणि गरम इस्त्री लागली की धागा कायमचा लुळा पडतो. वाफेच्या इस्त्रीने बॉर्डरची लवचीकता एकदा गेली की ती परत येत नाही.

मेंढीची लोकर ताणली की परत जागेवर येते, दमट झाली तरी ऊब देते आणि विणीतली थोडी असमानता धुतल्यावर झाकून घेते. टोचते की नाही हे तिच्या तंतूच्या जाडीवर ठरतं. साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे तंतू कातडीला टोचतात, मेरिनोचे तंतू त्याहून बरेच बारीक असतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. घोंगडीसाठी तिला तोड नाही, पण गळ्याशी येणाऱ्या स्वेटरसाठी ती घेऊ नका. तळहाताला टोचणं कळत नाही, म्हणून गोळा मानेला लावून पाहा. आमच्याकडे कोणी हसणार नाही.

सूत मुंबई-कोकणच्या हवेला बरं, पण त्याला स्वतःचा ताण नाही. मनगटाची बॉर्डर चार धुण्यांत सैल पडते आणि लांब जाकीट स्वतःच्याच वजनाने खाली उतरतं. बॉर्डरला नेहमीपेक्षा दोन नंबरने बारीक सुई घेतली की हे पुष्कळ आटोक्यात येतं.

घरात लेबल हरवलेला जुना गोळा असेल तर ओल्या मोरीत, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून दहा सें.मी. धागा पेटवा. खरी लोकर रडतखडत जळते, विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सूत कागदासारखं भराभर जळून मऊ करडी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि मागे कडक काळा मणी उरतो. गरम असताना त्याला हात लावू नका. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

प्लाय आणि सुईचा नंबर

प्लाय म्हणजे पदर. चार प्लाय म्हणजे चार पदर एकत्र पिळलेले, मग ते पदर बारीक असोत की जाड. उलट ब्रिटिश नमुन्यांत (विणायच्या छापील कृतींत) ‘फोर प्लाय’ हे एका ठरावीक बारीक धाग्याचं नाव आहे, ज्याचा १०० ग्रॅमचा गोळा ३५० ते ४०० मीटर भरतो. इथे मिळणारा चार पदरी धागा पुष्कळदा त्याहून जाड असतो. शंका आली तर दहा मीटर धागा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. अडीच ग्रॅमच्या आसपास भरला तर बारीक फोर प्लाय, साडेतीन ते पाच भरला तर डीके.

सुयांचा घोळ याहून मोठा. आपल्या बाजारातल्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात: नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे २.७५ मि.मी., ११ म्हणजे ३, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ७ म्हणजे ४.५ आणि ६ म्हणजे ५ मि.मी. अमेरिकी नंबर याच्या उलटे चढतात. तिथली ८ नंबरची सुई ५ मि.मी.ची असते. व्हिडिओतल्या बाई ‘साइझ एट’ म्हणाल्या म्हणून आपली ८ नंबर घेतली, तर पूर्ण एक मिलिमीटर बारीक सुईवर विणलं जातं आणि स्वेटर पुठ्ठ्यासारखा घट्ट होतो. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

नमुना तुकडा

स्वेटर सुरू करण्याआधी टाके मोजायला विणायचा छोटा चौकोन म्हणजे नमुना तुकडा. याचा कंटाळा सगळ्यांना येतो, आणि अर्धे स्वेटर इथेच बिघडतात. डीके धाग्याचा नेहमीचा हिशेब ४ मि.मी. सुईवर १० सें.मी.मध्ये २२ टाके. समजा, छाती १०० सें.मी. व्हावी म्हणून छापील नमुन्यात २२० टाके दिले आहेत. तुमचा हात घट्ट असेल आणि १० सें.मी.मध्ये २४ टाके बसत असतील, तर छाती होईल जेमतेम ९२ सें.मी. हात सैल असून २० टाके बसले तर ११० सें.मी. टाके तेवढेच, धागा तोच, आणि स्वेटर नवऱ्याचा की मुलाचा ते हात ठरवतो!

तुकडा असा करा. ३४ टाके घाला. दोन्ही कडांचे चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवा, म्हणजे कडा गुंडाळणार नाहीत. मधले २६ टाके एक ओळ सुलट, एक ओळ उलट. अशा ४० ओळी विणून टाके बंद करा. मग जसा स्वेटर धुणार आहात तसाच तो धुवा, सपाट वाळवा आणि दुसऱ्या दिवशी मधल्या १० सें.मी.तले टाके मोजा. न धुता मोजलेला तुकडा फसवतो, विशेषतः लेबलवर ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीचा. तिचे तंतू गुळगुळीत केलेले असल्याने ओली झाली की ती चांगलीच लांबते. टाके जास्त भरले तर एक नंबरने जाड सुई, कमी भरले तर बारीक. धातूच्या सुईवर धागा घसरतो आणि बांबूच्या सुईवर अडतो, त्यामुळे तुकडा ज्या सुईवर केलात तीच पुढे वापरा.

लडी घेतली असेल तर आधी गोळा करा, पण सैल. दोन-तीन बोटं मध्ये धरून त्यांवर गुंडाळा आणि अधूनमधून बोटं काढा. कचकचीत गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आटल्यासारखी दिसते.

बाळंतविडा

डीके अ‍ॅक्रिलिकमध्ये पहिल्या तीन महिन्यांच्या मापाचा स्वेटर १०० ते १२५ ग्रॅम, टोपडं २५ ते ३०, मोज्यांचा जोड २० ते २५. म्हणजे संचाला २०० ग्रॅम घेतले की पुरे. दुपटं वेगळं धरा: ७५ सें.मी. चौरसाला सुमारे ३०० ग्रॅम.

माप ठरवताना महिना मोजा. बाळ जूनमध्ये होणार असेल तर थंडी पडेपर्यंत ते सहा महिन्यांचं झालेलं असेल, आणि आवडीने विणलेला तान्ह्या मापाचा लोकरी स्वेटर एकदाही अंगाला लागणार नाही. त्या बाळाला तान्हेपणी पातळ सुती झबलं पुरतं. स्वेटर ४८ सें.मी. छातीचा विणा.

नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा जरा मोठं असतं, साधारण ३५ सें.मी. गळ्याचे टाके घट्ट बंद केले की स्वेटर डोक्यातून जातच नाही. गळा बंद करताना दोन नंबरने जाड सुई घ्या किंवा खांद्यावर उघडं ठेवून दोन बटणं लावा. बटणं लोकरीने नव्हे, मजबूत शिवणदोऱ्याने पक्की करा. मोठ्या जाळीच्या विणीत बाळाची बोटं अडकतात. मोहेर (बकरीच्या केसांचा) किंवा अंगोऱ्याचा (सशाच्या केसांचा) धागा इतका तूस सोडतो की तो बाळाच्या तोंडात जातो. टोपड्याचे बंद आखूड ठेवा आणि बाळ झोपलं की टोपडं काढा.

लॉट, रंग, गाठी

लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेचा नंबर, असतो. रंग तोच, लॉट वेगळा, तर फरक दुकानातल्या दिव्याखाली दिसत नाही. उन्हात उभं राहिलं की पाठीवर पट्टा दिसतो. सगळे गोळे एका लॉटचे आणि एक जास्तीचा घ्या. तरीही वेगळा लॉट मिसळावाच लागला तर दोन ओळी एका गोळ्याच्या, दोन दुसऱ्याच्या, असं आलटून पालटून विणा.

लाल, मरून, गडद निळा पांढऱ्यासोबत घेणार असाल तर आधी थोडा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात दहा मिनिटं दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर ती जोडी सोडा. मीठ किंवा व्हिनेगर घालून तो पक्का होत नाही.

गोळ्यात एखादी गाठ निघणं नेहमीचं. गाठ तशीच विणू नका. ओळीच्या कडेला तोडा, दोन्हीकडे १५ सें.मी. शेपूट ठेवा आणि शेवटी शिवणीत ओवून टाका.

पहिल्यांदाच सुया हातात घेणाऱ्यांनी काळा आणि केसाळ धागा टाळावा. काळ्यात टाके दिसत नाहीत, केसाळ धागा उसवता येत नाही, आणि शिकताना उसवणं फार होतं. फिका रंग, डीके, ४ मि.मी. सुई, मफलर: २० सें.मी. रुंद, दीड मीटर लांब, १५० ते २०० ग्रॅम.

धुणं आणि ठेवणं

खऱ्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमदा (दाबून केलेलं जाड कापड) होतो. मग उपाय नाही. रिठ्याच्या किंवा लोकरीसाठीच्या सौम्य साबणाच्या साध्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, दाबा, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरा. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो.

कसर लागते ती खऱ्या लोकरीला, आणि मळलेल्या कपड्याला आधी. धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवा. कडुलिंबाचा सुका पाला ठेवायला हरकत नाही, पण आत शिरलेली अळी त्याने मरत नाही. त्यासाठी पिशवी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात नकोत. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्यातल्या नॅप्थॅलिनने फुटू शकतात आणि कावीळ वाढते. ही कमतरता वरून दिसत नाही.

उरलेले न उघडलेले गोळे लेबल आणि पावतीसह आम्ही परत घेतो. सोडून पुन्हा गुंडाळलेले घेत नाही. नमुना तुकड्यासाठी आधी एकच गोळा नेणार असाल तर तसं सांगा, त्याच लॉटचे बाकीचे गोळे आठ दिवस बाजूला ठेवू.