स्कॉट वर्ग

पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात ब्रिटिश नौदलासाठी बांधलेल्या ८ नायक-विनाशिकांचा (विनाशिकांच्या ताफ्याचे नेतृत्व करणाऱ्या मोठ्या विनाशिकांचा) वर्ग. यास ‘कॅम्बेल वर्ग’ असेही म्हणतात. स्कॉट, ब्रूस, डग्लस, कॅम्बेल, मॅके व माल्कम या नौका कॅमल लेअर्डने, तर माँट्रोझ व स्टुअर्ट या हॉथॉर्न लेस्लीने बांधल्या. आणखी दोहोंची मागणी युद्धसमाप्तीनंतर रद्द झाली.

विनाशिकांच्या ताफ्याचे नेतृत्व पूर्वी हलक्या क्रूझरकडे असे; टर्बाइनवर चालणाऱ्या विनाशिकांचा वेग वाढला तशा या क्रूझर मागे पडू लागल्या. म्हणून ताफ्याचा कप्तान, त्याचे अधिकारी आणि संदेशवहनाचा जादा सरंजाम सामावेल अशी मोठी विनाशिकाच काढण्यात आली. जर्मनी जड तोफांच्या मोठ्या विनाशिका बांधत असल्याच्या वार्तांमुळे १९१६ मध्ये या वर्गाची आखणी झाली, असे सामान्यतः मानतात. मात्र थॉर्निक्रॉफ्ट या जहाजबांधणी कंपनीचा शेक्सपिअर हा नायक-विनाशिकांचा वर्ग त्याच सुमाराचा व बराच सारखा असल्याने, नायक-नौकांची गरज या वार्तांखेरीजही जाणवत होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

नौकेची लांबी सुमारे १०१ मी., शक्ती सुमारे ४०,००० अश्वशक्ती व वेग ताशी सुमारे ३६ सागरी मैल होता. वजन सुमारे १,५०० ते १,८०० टन असे निरनिराळे दिलेले आढळते. युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने ‘प्रमाणित’ वजनाची व्याख्या ठरवली, त्याआधीचे व नंतरचे आकडे एकत्र वाचू नयेत. १२० मिमी.च्या ५ तोफा व पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) ६ नळ्या हे मुख्य शस्त्रबळ. पुढच्या धुराड्याच्या माथ्यावरील रुंद काळ्या पट्ट्यावरून नायक-नौका दुरूनही ओळखू येई.

स्कॉट १५ ऑगस्ट १९१८ रोजी हॉलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाली. अल्सवॉटर ही विनाशिकाही त्याच दिवशी तेथेच बुडाली. कारण सुरुंग की यूसी-१७ या जर्मन पाणबुडीचा पाणतीर, याविषयी मतभेद आहेत. या जातीच्या पाणबुड्या सुरुंग पेरत आणि पाणतीरही सोडत, त्यामुळे केवळ यूसी-१७ तेथे होती यावरून निर्णय होत नाही. तरीही पाणतीराचे मत अधिक ग्राह्य वाटते.

या वर्गाने दोन्ही महायुद्धे लढल्याचे सरसकट विधान तपासून घ्यावे लागते. स्टुअर्ट व कॅम्बेल डिसेंबर १९१८ मध्ये, मॅके व माल्कम १९१९ मध्ये पूर्ण झाल्या. ब्रूस नोव्हेंबर १९३९ मध्ये पाणतीरांच्या चाचणीसाठी लक्ष्य म्हणून बुडवण्यात आली. दोन्ही युद्धांत प्रत्यक्ष सेवा केली, ती डग्लस व माँट्रोझ या दोघींनीच.

स्टुअर्ट १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलाकडे गेली. भूमध्य समुद्रात तिने चार जुन्या ऑस्ट्रेलियन विनाशिकांचे नेतृत्व केले. या ताफ्याला शत्रूच्या प्रचाराने ‘भंगार ताफा’ म्हटले आणि खलाशांनी तेच नाव अभिमानाने मिरवले. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी इंग्लिश खाडीतून निसटणाऱ्या शार्नहोर्स्ट व ग्नायझेनाउ या जर्मन युद्धनौकांवर कॅम्बेल व मॅके यांनी इतर विनाशिकांसह जवळ जाऊन पाणतीर सोडले. एकही लागला नाही. नोव्हेंबर १९४२ मध्ये माल्कम व शेक्सपिअर वर्गातील ब्रोक यांनी अमेरिकन सैनिकांसह अल्जिअर्सच्या बंदराचा अडसर फोडण्याचा प्रयत्न केला. माल्कम मारा लागून मागे फिरली. ब्रोक आत शिरली, पण पुढे बुडाली.

उरलेल्या सहाही नौका १९४५ ते १९४७ या काळात मोडीत विकण्यात आल्या.